ट्यूब की ट्यूबलेस? सराट्याला विचारा!

मध्यमवर्गीय घरात सायकल पुन्हा आली खरी, पण ती वेगळ्या दाराने आली. पूर्वी ती वडिलांच्या बोनसमधून यायची आणि शाळा-कॉलेजला, कारखान्याच्या पाळीला जायची. आता ती बऱ्याच घरांत मुलाच्या किंवा मुलीच्या पगारातून येते आणि रविवारी पहाटे साडेपाचला शहराबाहेर निघून जाते. आई-वडिलांना तिची किंमत खरी सांगितलेली नसते, हा भाग वेगळा. पण महिन्या-दोन महिन्यांनी घरात एक चर्चा कानावर पडू लागते: टायर बदलायचे आहेत, ट्यूब ठेवायची की ट्यूबलेस करायचे? मोटारीचे टायर ट्यूबलेस असतात हे आता सर्वांना ठाऊक आहे. पण सायकलचे? ट्यूबच नाही, तर हवा राहते कशात?

प्रश्न वाटतो तितका तांत्रिक नाही. शहरापासून तीस-चाळीस किलोमीटरवर, कालव्याकडेच्या निर्मनुष्य वाटेवर, फोनला रेंज नसताना चाक बसले तर आपले माणूस घरी कसे येणार, असा तो खरा प्रश्न आहे. म्हणून तो घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यावा असा आहे.

आधी या सायकलीची ओळख. तिला ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. शर्यतीच्या सायकलीसारखे वाकडे हँडल, पण टायर जाड आणि ते मावण्यासाठी चौकटीत ऐसपैस जागा. अमेरिकेच्या मध्यभागात डांबर न लागलेल्या खडीच्या रस्त्यांचे प्रचंड जाळे आहे. त्या रस्त्यांवर मोटारी कमी आणि मोकळे आकाश भरपूर, म्हणून सायकलवाले तिकडे वळले. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया या लहान गावातून २००६ साली ३४ जण दोनशे मैलांच्या शर्यतीला निघाले. आज ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ या नावाने ओळखली जाणारी ती शर्यत या प्रकाराची पंढरीच झाली आहे. हा भाग ‘फ्लिंट हिल्स’ म्हणजे गारगोटीच्या टेकड्यांचा. आदिवासी ज्या दगडाचे बाण करीत, तोच दगड रस्त्यावर पसरलेला. तो टायरला काट्यासारखा टोचत नाही, सुरीसारखा चिरतो. तेव्हा ग्रॅव्हल सायकलीच्या टायरची सगळी चर्चा जन्मली ती अशा रस्त्यावर. २०२२ पासून या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही होऊ लागली. पहिली इटलीत झाली.

आता गंमत पाहा. ग्रॅव्हल सायकलला साधारण ३८ ते ५० मिलिमीटर रुंदीचा टायर लागतो आणि त्यातही ४० हा सर्वांत लोकप्रिय आकडा. आपल्या आजोबांची ती काळी, रॉडच्या ब्रेकची, मागे दुधाच्या किटल्या लटकवणारी सायकल आठवा. तिच्या टायरवर ‘२८ x १½’ असे लिहिलेले असे. हाच आकडा आंतरराष्ट्रीय पद्धतीने लिहिला की ‘४०-६३५’ होतो. म्हणजे रुंदी ४० मिलिमीटर! जो टायर अमेरिकेतून नवा शोध म्हणून आला, त्याच जाडीवर आपला दूधवाला, पोस्टमन आणि ग्रामसेवक पन्नास वर्षे मुरमाचे रस्ते तुडवत होते. फरक आहे तो दुसऱ्या आकड्यात. ग्रॅव्हल सायकलवर तो बहुधा ६२२ असतो. हा आकडा म्हणजे टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास. ६३५ चा टायर ६२२ च्या रिमवर बसणार नाही, कितीही ओढाताण केली तरी. दुकानात ‘सातशेचा टायर द्या’ म्हणण्यापेक्षा टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत छापलेली ही जोडी वाचून मागावी. पहिला आकडा रुंदी, दुसरा व्यास. दुसरा चुकला तर पैसे वाया.

रुंद टायर म्हणजे जड सायकल आणि मंद गती, असे मानणारी एक पिढीच होऊन गेली. शर्यतीचे टायर २३ मिलिमीटरचे, बोटाएवढे. त्यात शंभर पौंडांहून जास्त हवा ठोकायची आणि दगडासारखे टणक करायचे. सिएटलच्या यान हाइने यांनी आपल्या ‘बायसिकल क्वार्टर्ली’ या त्रैमासिकासाठी प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत रुळाऐवजी खऱ्या रस्त्यावर चाचण्या घेतल्या, आणि रुंद टायर कमी हवेवर मागे पडत नाहीत असे दाखवून दिले. कारण समजायला सोपे आहे. टणक चाक प्रत्येक खड्यावरून उडते. सायकल आणि स्वार दोघेही वर उचलले जातात, हाडे खिळखिळी होतात आणि त्यात शक्ती वाया जाते. मऊ टायर खडा पोटात घेतो आणि पुढे जातो. आज डांबरावरचे व्यावसायिक स्पर्धकही २८ ते ३० मिलिमीटरवर आले आहेत.

पण कमी हवेची एक किंमत असते, आणि इथून ट्यूबची कहाणी सुरू होते.

हवेच्या टायरचे पहिले पेटंट घेतले रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश तरुणाने, १८४५ साली. तेव्हा पायडलची सायकलच नव्हती. त्याने तो घोडागाडीला लावला आणि जग ते विसरून गेले. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉईड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने मुलाच्या तीनचाकीसाठी तोच शोध नव्याने लावला. (थॉमसनचे जुने पेटंट निघाल्यामुळे डनलॉपचे पेटंट पुढे रद्द ठरले. नाव मात्र त्याचेच राहिले.) त्याचा टायर रिमला चिकटवलेला असे. फ्रान्समधल्या क्लेर्माँ-फेराँ गावात १८८९ मध्ये असा एक पंक्चर झालेला टायर मिशेलिन बंधूंच्या रबराच्या कारखान्यात दुरुस्तीला आला. तो उखडून सांधायला तीन तास लागले, रात्रभर वाळवावा लागला आणि दुसऱ्या दिवशी थोडे अंतर जाताच तो पुन्हा बसला. एदुआर मिशेलिनच्या ध्यानात आले की हवेचा टायर उत्तम, पण तो कोणालाही रस्त्यावर काढता-घालता आला पाहिजे. १८९१ मध्ये त्यांनी सुटा होणारा टायर काढला, आणि त्याच सप्टेंबरात शार्ल तेराँ त्या टायरवर पॅरिस ते ब्रेस्त आणि परत ही सुमारे बाराशे किलोमीटरची शर्यत ७१ तासांत जिंकला. त्याचीही पंक्चरे झालीच; पण ती वाटेत काढता आली.

म्हणजे वेगळी ट्यूब आणि सुटा टायर यांचा मूळ गुण वेगात नव्हता, तो दुरुस्तीत होता. एक पाना, दोन लिव्हर, पाण्याचे घमेले, पॉलिश पेपर, सोल्युशन आणि रबराचा तुकडा एवढ्या भांडवलावर आपल्याकडे हजारो माणसांनी झाडाखाली दुकाने थाटली. पंक्चरवाल्या मामांनी ट्यूब पाण्यात धरून बुडबुडा हेरायचा आणि आपण चहा होईतो मोकळे व्हायचे, ही सोय शंभर वर्षे पुरली.

मग बिघडले कुठे? दोन ठिकाणी. पहिले कमी हवेचे. खडीवर मऊ टायर घेऊन जाताना चाक एखाद्या दगडावर जोरात आपटले की ट्यूब दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोके पडतात, साप डसल्यासारखी. हे टाळायला हवा वाढवावी, तर रुंद टायरचा फायदाच गेला. ट्यूबच नसेल तर चिमटायला काही उरत नाही.

दुसरे कारण आपल्या अधिक ओळखीचे आहे. त्याचे नाव सराटा.

पावसाळ्यात माळावर, बांधावर, रस्त्याच्या कडेला जमिनीशी पसरणारी, पिवळ्या पाच पाकळ्यांच्या चिमुकल्या फुलांची वेल तुम्ही पाहिली असेल. अनवाणी चाललेल्या कोणालाही तिची ओळख करून द्यावी लागत नाही. आयुर्वेदात हीच गोक्षुर, म्हणजे गोखरू, दशमुळांतली एक. फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन लांब, दोन आखूड काटे. तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर तोंड करून बसतो. शत्रूचे घोडे जायबंदी करायला रणांगणावर लोखंडी गोखरू पसरत, त्यांचे नाव आणि नमुना असाच. शास्त्रीय नाव ‘ट्रिब्युलस’, त्याचाही अर्थ तोच. आणि सायकलचा आपला मोसम कोणता? दिवाळीनंतरचा, थंडीचा. नेमके तेव्हाच सराटे वाळून रस्त्यावर आलेले असतात. पुण्याहून सासवड ओलांडून पूर्वेकडे, नगर-सोलापूरच्या दिशेने गेले की ते हमखास भेटतात. जोडीला बाभूळ आणि वेडी बाभूळ. शेताला बाभळीच्या फांद्यांचे कुंपण घालतात, त्या ओढत नेल्या जातात, आणि काटे वाटेवर उरतात.

ही वेल मूळची आपल्याकडची, आफ्रिकेतली आणि दक्षिण युरोपातली. ती अमेरिकेत पोचली आणि तिथल्या कोरड्या पश्चिमेत माजली. तिकडे तिला ‘गोटहेड’, बोकडाचे डोके, म्हणतात, आणि दुसरे नाव तर सरळ ‘पंक्चरवाइन’ म्हणजे पंक्चरवेल! तिला आवरायला १९६१ मध्ये इटलीतून दोन जातींचे सोंडकिडे नेऊन सोडले गेले. आयडाहोतल्या बॉइसी शहरात तर सायकलवाल्यांनी २०१८ मध्ये ही वेल उपटण्याचा उत्सव सुरू केला. तेव्हा परदेशी टायरच्या जाहिरातीत ‘काट्यांपासून संरक्षण’ असे वाचले तर हसू नका. तो काटा आपलाच आहे.

ट्यूबवाल्या टायरला सराट्याची गंमत नसते. एका वळणावर एक नव्हे, दहा-पंधरा काटे एकदम रुततात. सोबतच्या दोन ट्यूब आणि चार पॅच यांचा काय पाड? ट्यूबलेसची करामत इथे दिसते. टायरच्या आत साठ ते ऐंशी मिलिलिटर, म्हणजे कटिंग चहाएवढे, पांढरे द्रव घातलेले असते. बाजारात त्याला ‘सीलंट’ म्हणतात. बहुतेकांचा पाया नैसर्गिक रबराचा चीक. तो घट्ट होऊ नये म्हणून त्यात अमोनिया, पातळ राहावा म्हणून ग्लायकॉल आणि भोकात अडकण्यासाठी बारीक कण. काटा घुसला की हवेच्या जोराने चीक भोकात येतो, कणांभोवती साकळतो आणि भोक बुजते. आपल्या खरचटलेल्या कातडीवर खपली धरते तसेच. स्वाराला बऱ्याचदा कळतही नाही. डोंगरी सायकलींसाठी ट्यूबलेस रिम-टायरची पद्धत फ्रान्सच्या माविक कंपनीने १९९९ मध्ये बाजारात आणली आणि २००१ पासून अमेरिकेतल्या स्टॅन कोझिएटेक यांच्या पट्टी आणि चिकाने ती सर्वदूर नेली. ग्रॅव्हल सायकलने ती तयारच उचलली.

पण ते बसवणे म्हणजे एक संस्कार आहे. आधी रिम आणि टायर, दोन्हींवर ट्यूबलेसचा उल्लेख हवा. एकावर असून चालत नाही. रिमच्या आतली आऱ्यांची भोके हवाबंद पट्टीने झाकायची. पट्टी रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद, ताणून, सुरकुती न पडता. त्याआधी रिम स्पिरिटने पुसून घ्यावी, तेलकट बोट लागले तरी हवा तिथूनच जाते. मग व्हॉल्व्ह. मग टायरची एक कड, नंतर दुसरी. शेवट व्हॉल्व्हपाशी करावा आणि तोवर कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत यावे, म्हणजे शेवटची वीतभर कड अंगठ्यांनी चढते. लिव्हरने जोर करणारे पट्टी फाडतात. व्हॉल्व्हची आतली सुई काढून चीक ओतायचा आणि एका दमात भरपूर हवा सोडायची. साध्या हातपंपाला हे बहुधा जमत नाही, कॉम्प्रेसर लागतो. कडांना साबणाचे पाणी लावलेले असेल तर ‘टक्, टक्’ असे आवाज करत टायर जागेवर बसतो. हे आवाज ऐकून घाबरू नये. पण टायरवर आणि रिमवर लिहिलेल्या कमाल आकड्यापुढे काटा जाऊ देऊ नये. आजकाल कडेला आकडा नसलेल्या, सरळ भिंतीच्या रिमा येतात. त्यांची मर्यादा ७२ पौंडांची आहे आणि ती काटेकोर पाळायची आहे. आणखी एक अडचण व्हॉल्व्हची. या सायकलींना बारीक दांड्याचा ‘प्रेस्टा’ व्हॉल्व्ह असतो. पेट्रोल पंपाची नळी त्यावर बसत नाही. चिमूटभर आकाराचा पितळी जोड मिळतो, तो पिशवीत कायमचा असावा.

हवा किती? सायकलसह ऐंशी-पंच्याऐंशी किलो वजन आणि ४० चा टायर असेल तर ट्यूबलेसला पुढे तीसच्या आसपास, मागे दोन-तीन पौंड जास्त, इथून सुरुवात करावी. ट्यूब असेल तर चार-पाच पौंड वाढवावे. मग रस्ता आणि मनगटे सांगतील तसे.

एवढे सगळे ऐकून ट्यूब अगदीच मागासलेली वाटू लागते. तसे नाही. तो चीक वाळतो. थंड देशात चार-सहा महिने टिकणारा आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत रबराची खपली होऊन बसतो, आणि मग त्या टायरला काट्याशी लढायला काहीच उरत नाही. जी सायकल महिन्यातून एकदा निघते आणि उरलेले दिवस गॅलरीत उन्हात टांगलेली असते, तिला ट्यूबलेस करणे म्हणजे पैसे आणि चीक दोन्ही वाळत घालणे. दुकानदार आग्रह करतील. आधीच्या तीन महिन्यांत सायकल किती वेळा निघाली ते मोजून उत्तर द्यावे. शिवाय कोकणात, सह्याद्रीच्या ओल्या बाजूला, जांभ्याच्या लाल रस्त्यांवर सराट्याचा त्रास पूर्वेइतका नाही. तिथे चांगला टायर आणि आत साधी ब्युटाइल ट्यूब पुष्कळ झाली. प्लॅस्टिकसारख्या पातळ, फार हलक्या नव्या ट्यूब निघाल्या आहेत. त्या पिशवीत ठेवायला छान, पण त्यांना आपले नेहमीचे सोल्युशन चालत नाही, त्यांचे पॅच वेगळे असतात.

ट्यूब बदलण्यातही एक गोष्ट हमखास विसरली जाते. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचे, किंवा बोटाला जपायचे तर सुती रुमाल. काटा असेल तिथे रुमाल अडकतो. टायरवरचे नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर येईल असे बसवले असेल तर ट्यूबचे भोक पाहून काटा टायरमध्ये कुठे असेल ते वीतभरात सापडते. आत थोडी शंखजिऱ्याची पूड लावली की ट्यूब टायरला चिकटत नाही, वळतही नाही; जुने पंक्चरवाले हे करीतच. आणि हवा भरण्यापूर्वी ट्यूब टायर-रिमच्या मध्ये कुठे दबली नाही ना, हे दोन्ही बाजूंनी पाहून घ्यावे.

घाटमाथ्यावरून पूर्वेला नियमित फिरणाऱ्याने माझ्या मते ट्यूबलेसच करावे. पण ट्यूब सोबत ठेवावी. भोक मोठे असेल, गारगोटीने चीर गेली असेल, तर मोटारीच्या टायरला मारतात तशी चिकट वात, फक्त बारीक, भोकात खुपसायची. तिनेही भागले नाही तर ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह काढून आत ट्यूब घालायची. इथे मात्र एक सापळा आहे. महिनोन् महिने चिकाने बुजवलेले वीस-पंचवीस काटे टायरमध्ये टाचणीच्या उशीसारखे रुतून बसलेले असतात. ते एकेक न उपटता ट्यूब घातली तर पंपाचा दुसरा झटका मारायच्या आत ती गेलीच. चिमटा हवा, भुवया कोरायचा चालतो.

पंक्चरवाल्या मामांकडे चाक नेले तर ते आधी ट्यूबचा शोध घेतात. चिकाने हात बरबटल्यावर त्यांची नाराजी रास्त असते. पण कॉम्प्रेसर त्यांच्याकडे असतो आणि मोटारींमुळे वात मारण्याचा हातही बसलेला असतो. व्हॉल्व्हचा पितळी जोड आपण पुढे केला तर काम होते. जिथे मामाच नाहीत तिथे काय, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी मुलगी किंवा मुलगा पहिल्या लांबच्या फेरीला निघण्याआधीच्या शनिवारी घरी फरशीवर जुने वर्तमानपत्र पसरावे आणि मागचे चाक काढून ट्यूब घालून पुन्हा बसवण्याची तालीम एकदा पूर्ण करून घ्यावी. पुढचे नव्हे, मागचेच. साखळी आणि गिअर तिथे असतात. पहिल्यांदा पाऊण तास लागेल, तिसऱ्यांदा पंधरा मिनिटे. बारा-चौदा वर्षांच्या मुलांनाही हे जमते. वडील नुसते बघायला बसले तर त्यांनाही जमेल.

राहता राहिला चिखल. टायर निवडताना जितका मावेल तितका रुंद घ्यावा हा मोह होतो. चौकट आणि टायर यांच्यात दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर फट राहिली पाहिजे, आणि आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात तीही पुरत नाही. ही माती चाकाला थर देत जाते, थरावर थर चढतो आणि शेवटी चाक फिरायचेच थांबते; मग वीस किलोची सायकल खांद्यावर. २०२३ च्या शर्यतीत कॅन्ससच्या चिकणमातीने जगातल्या नामांकित स्वारांना सुरुवातीच्या काही मैलांतच असे पायी चालायला लावले. पावसाळ्यात काळ्या मातीतून जायचेच असेल तर ४५ ऐवजी ३८ चा टायर घालावा आणि तिकडचे जाणकार बाळगतात तशी रंग ढवळायची चपटी लाकडी पट्टी खिशात ठेवावी. हार्डवेअरच्या दुकानात रंगाचा डबा घेतला की ती बहुधा फुकट मिळते.